वाचकांचे प्रश्न : साताऱ्याचे दफ्तर पुण्यात पाहताना

प्रश्न : मी साताऱ्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या वर्षी नववीच्या साठ मुलांना एका विद्यापीठाचे संग्रहालय दाखवायला नेले होते. पाऊण तासात सगळी दालने संपली, आणि परतीच्या गाडीत विचारले तेव्हा एका तलवारीखेरीज कोणालाही काही आठवेना. यंदा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील मराठा इतिहासाचे संग्रहालय दाखवावे असे मनात आहे. तेथला संग्रह मूळचा साताऱ्याचाच, असे ऐकते. हे खरे आहे का? आणि गेल्या वर्षीची गत पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे?
— एक शिक्षिका, सातारा

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि सहलीची आखणी त्याच गोष्टीपासून सुरू करावी असे मला वाटते. रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी साताऱ्यात राहून जुनी कागदपत्रे, चित्रे, नकाशे आणि नाणी जमवली, ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालवून त्यांतील कितीतरी कागद प्रसिद्ध केले आणि साताऱ्यातच ऐतिहासिक संग्रहालय उभे राहील यासाठी उत्तरायुष्य वेचले. त्यांच्या पश्चात, १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा हा संग्रह तेथे हलवण्यात आला. त्र्यंबक शंकर शेजवलकरांसारखा इतिहासकार याच संस्थेत मराठ्यांच्या इतिहासाचे अध्यापन आणि संशोधन करीत होता. संग्रह साताऱ्याबाहेर गेला याची रुखरुख अनेक सातारकरांना आहे आणि ती मी समजू शकतो. तरीही कागद जिवंत राहतो तो वाचणाऱ्यांच्या सहवासात, आणि त्या काळी असे वाचणारे तेथे एकत्र आले होते, हेही मान्य केले पाहिजे. आपली मुले तेथे जातील ती पाहुणी म्हणून नव्हे, आपल्या गावची ठेव पाहायला जातील, एवढे त्यांना निघण्याआधी सांगावे.

या संग्रहाचा कणा म्हणजे नाना फडणिसांचे मेणवली दफ्तर, म्हणजे त्यांच्या मेणवलीच्या वाड्यातील कागदपत्रांचा साठा. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की पुण्याला सरळ जाऊ नये. पाचवडला महामार्ग सोडून वाईला वळावे, तेथून जवळच कृष्णाकाठी मेणवलीला नानांचा वाडा आणि घाट आहे, तेथे तास-दीड तास थांबावे. नानांचा जन्म १७४२ मध्ये साताऱ्यातच झाला, हे मुलांना बहुधा ठाऊक नसते. मेणवलीच्या घाटावर वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावरची मेरी आणि बाळ येशूची आकृती मुलांनाच शोधू द्यावी. ज्या वाड्यातून ते दफ्तर निघाले तो वाडा डोळ्यांखालून गेला, की सुरूरला पुन्हा महामार्गाला लागून खंबाटकीचा बोगदा ओलांडावा. मग पुण्यात काचेमागे दिसणारा कागद परका राहत नाही. तो त्या ओट्यावर, त्या खिडकीच्या उजेडात बसून कोणीतरी हाताळला असेल, हे मुलांना आपसूक उमगते.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. गेल्या वर्षी आपली मुले पाऊण तासात बाहेर पडली, कारण त्यांच्यापुढे सगळेच होते आणि थांबण्याजोगे काहीच नव्हते. तलवार स्वतःची ओळख स्वतः करून देते, मोडीतला कागद तसे करीत नाही. त्याला आधी थोडी वाट काढून द्यावी लागते. शाळेत दोन तासिका मोडीसाठी ठेवाव्यात. मुलांना मोडी वाचता येणे हे या तासिकांचे उद्दिष्ट नसावे. पत्र कसे रचलेले असते एवढेच त्यांना कळावे. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग त्या रेघांखाली अक्षरे लटकवीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती, बोरू शक्य तितका कमी उचलला जाई. माथ्यावर ‘श्री’, शेवटी शिक्का किंवा ‘मोर्तब सुद’ ही पत्र पुरे होऊन मोहर झाल्याची खूण. ही ठिकाणे फळ्यावर काढून दाखवली तर मुले काचेपुढे उभी राहून तीच शोधू लागतात.

त्याहूनही रंगणारी गोष्ट म्हणजे तारीख. पेशवाईतील पत्रांत शुहूर सन, म्हणजे त्या काळी चालणाऱ्या कालगणनेतले वर्ष, अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. हे वर्ष मृग नक्षत्रापासून, म्हणजे पेरणीच्या दिवसांपासून सुरू होई. मृगापासून डिसेंबरअखेरच्या पत्राला ५९९ मिळवावेत आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवावेत, की इसवी सन निघतो. ११६१ मध्ये ६०० मिळवायला मुलांना सांगावे आणि थांबावे. १७६१ हा आकडा फळ्यावर उमटला की जानेवारी महिन्यातले पानिपत कोणीतरी मोठ्याने म्हणतेच. शेतकऱ्याच्या वर्षाने राज्याचा हिशेब चाले, हे एका बेरजेतून जितके पटते तितके पाठ्यपुस्तकाच्या परिच्छेदातून पटत नाही.

साठ मुले एकदम आत नेऊ नयेत. वीस-वीसच्या तीन तुकड्या कराव्यात आणि प्रत्येक मुलाला एकच वस्तू निवडून तिच्यापुढे दहा मिनिटे बसायला सांगावे : तिचे चित्र काढावे, ती कशाची आहे, कोणी वापरली असेल, तिच्यावर झीज कुठे झाली आहे हे लिहावे. बाकीच्या वस्तू पाहायच्या राहून गेल्या तरी चालतील. विद्यापीठाचे संग्रहालय हे मुळात अभ्यासाचे ठिकाण असते. तेथे सुट्ट्या विद्यापीठाच्या असतात आणि दालन दाखवणारी व्यक्ती अनेकदा स्वतः संशोधक असते. म्हणून मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र काही आठवडे आधी पाठवावे, दिवस आणि वेळ ठरवून घ्यावी, आणि आपल्या मुलांची तयारी काय झाली आहे तेही त्यात लिहावे. असे पत्र वाचणारा माणूस वेगळ्या आस्थेने दालन दाखवतो, हा माझा अनुभव आहे.

ज्या तुकड्या बाहेर असतील त्यांना त्याच आवारातील पुरातत्त्वाचे दालन पाहू द्यावे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीचे ते शेतकऱ्यांचे गाव. तेथे लहान मुलांना दोन कुंभ तोंडाला तोंड लावून घरातल्याच जमिनीखाली पुरत असत आणि मोठ्या माणसांना पुरताना बहुधा घोट्याखाली पाय तोडत असत. हे ऐकून मुले गप्प होतात. त्यांना तसे गप्प राहू द्यावे. आणखी एक गोष्ट सांगायला विसरू नये : कऱ्हाडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर याच महाविद्यालयात शिकले आणि येथेच त्यांची टिळकांशी मैत्री जुळली.

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या माळ्यावर मोडी कागदांचे दोन रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, सापडले. काही कागदांना कसर लागली आहे. लॅमिनेशन करून घ्यावे का? आणि ते विद्यापीठाच्या संग्रहालयाला द्यावेत की घरात ठेवावेत?
— एक वाचक, वाई

उत्तर : लॅमिनेशन कृपा करून मुळीच करू नये. प्लॅस्टिकमध्ये वितळवून चिकटवलेला कागद पुन्हा सुखरूप सुटत नाही. चिकटपट्टी, गोंद आणि कागदावर पेनने केलेल्या खुणा याही तितक्याच घातक आहेत. रुमाल सोडण्याआधी त्याचे छायाचित्र घ्यावे आणि कागद ज्या क्रमाने निघतील तोच क्रम ठेवावा, कारण कोणता कागद कोणाशेजारी बांधला होता यावरूनही अभ्यासकाला बरेच कळते. हात धुऊन, पूर्ण कोरडे करून, मऊ ब्रशने धूळ झटकावी. कागद उन्हात टाकू नये. मग खळ काढलेल्या धुतलेल्या सुती कापडात सैल बांधून, भिंतीला न टेकणाऱ्या कोरड्या कपाटात ठेवावेत आणि वेखंडाची पुरचुंडी कागदाला न लागेल अशी शेजारी ठेवावी. कसर लागलेले कागद बाकीच्यांपासून आजच वेगळे करावेत.

द्यावेत की ठेवावेत, हे ठरवण्याची घाई नको. आधी प्रत्येक पानाची स्वच्छ छायाचित्रे काढून मोडी जाणणाऱ्याकडून निदान ढोबळ यादी करून घ्यावी. बहुतेक कागद जमिनीचे, देण्याघेण्याचे निघतील. तेही आपल्या गावाच्या इतिहासाला मोलाचेच आहेत. पंचाहत्तर वर्षांहून जुने आणि ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते; ते घरात ठेवता येते, पण कोणी परदेशी नेण्यासाठी मागितले तर देऊ नये. संस्थेला देण्याचे ठरलेच, तर यादीची सहीशिक्क्याची पोच घ्यावी आणि कागद कोणत्या घरातून आले ही नोंद कायम राहील अशी अट लेखी घालावी. आपण वाईचे आहात, म्हणून एवढे सांगतो : इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड छापला, त्यातील पानिपतच्या काळातली पत्रे त्यांना वाईतच मिळाली होती. आपले दोन रुमाल कोणी जाणकार वाचेपर्यंत रद्दीच्या गठ्ठ्याशेजारी राहू देऊ नयेत.