परदेशातून दोन महिन्यांसाठी गावी येताना मुलांना रेबीजची लस आधीच द्यावी का?

द्यावी. मुले नऊ आणि सहा वर्षांची आहेत, मुक्काम गावातल्या घरी आहे आणि अंगणात भटकी कुत्री येत-जात असतात, हे तुम्हीच प्रश्नात लिहिले आहे. त्यानंतर यात फार विचार करण्यासारखे काही उरत नाही. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी लस सुचवली तेव्हा तुमचे सासरे फोनवर हसले आणि "आमची हयात इथे गेली, आम्हाला कुणी टोचले होते?" असे म्हणाले, हे वाचून मात्र मला उत्तर लिहायला बसावेच लागले. मी पशुवैद्यक आहे आणि माझी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात झाली. हेच वाक्य मला माझ्या घरात ऐकावे लागले आहे, आणि तेही डॉक्टर असलेल्या माणसाकडून. माझे थोरले बंधू फिजिशियन आहेत. नोकरीला लागल्यावर मी स्वतःच्या खर्चाने रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस घेतली, तेव्हा दादांनी चार पाहुण्यांसमोर विचारले होते, "चावल्यावर पुन्हा टोचून घ्यावेच लागते, मग आधी पैसे कशाला घालवतोस?" हा वाद आमच्याकडे आजही दिवाळीच्या फराळाबरोबर निघतो.

दादांचे म्हणणे अर्धे खरे आहे. आधी लस घेतलेल्या माणसालाही चावा बसल्यावर दोन डोस घ्यावे लागतात, एक त्याच दिवशी आणि दुसरा तीन दिवसांनी. मात्र लस न घेतलेल्याला, जखमेतून रक्त आले असेल तर, महिनाभर चालणाऱ्या पूर्ण कोर्सच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे दवाखान्यात ज्याला सगळे सीरम म्हणतात ते, जखमेत आणि जखमेभोवती टोचून घ्यावे लागते. लसीमुळे शरीरात प्रतिपिंडे तयार व्हायला आठवडा ते दोन आठवडे जातात. तेवढ्या काळात विषाणूने मज्जातंतू गाठू नये म्हणून सीरममधून तयार प्रतिपिंडे द्यावी लागतात. लस आता बहुतेक सरकारी दवाखान्यांत मिळते, पण सीरमची तशी खात्री नसते. आणि जी गोष्ट मिळेलच असे सांगता येत नाही, तिची गरजच पडू नये एवढ्यासाठी पूर्वप्रतिबंधक लस असते, ही साधी बाब दादांच्या हिशेबात कधीच आली नाही.

एका पावसाळ्याच्या अखेरीस शेजारच्या गावातून निरोप आला की म्हशीच्या घशात उसाचे कांडे अडकले आहे. असा निरोप आला की अनुभवी पशुवैद्यक सावध होतो, कारण गाईम्हशींतला रेबीज पुष्कळदा असाच दिसतो. जनावर वैरण सोडते, गिळता येत नाही म्हणून लाळेच्या तारा लोंबत राहतात, हंबरणे घोगरे होते, आणि घशात काहीतरी अडकले आहे अशी मालकाची खात्री पटते. मी पोहोचलो त्याआधीच आमच्या दवाखान्याचा परिचर आणि मालकाचा मुलगा यांनी आळीपाळीने कोपरापर्यंत हात घालून ते कांडे शोधले होते. परिचराच्या दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांनी ओढलेले बारीक लाल चरे होते, त्यांतले काही अजून ओले होते. म्हशीचे मागचे पाय लटपटत होते, ती सारखी कुंथत होती आणि दावणीचे लाकूड चावून तिने त्याची सालपटे काढली होती. कुत्रा चावला होता का, असे विचारल्यावर मालक ठाम नाही म्हणाला. दारात बसलेल्या त्याच्या आईने मात्र सांगितले की आखाडात एक परका कुत्रा रात्री गोठ्यात शिरून म्हशीच्या नाकाडाला चावला होता आणि चुना लावल्यावर जखम आठवडाभरात भरली होती.

मी हातमोजे घालून, बाजूला उभा राहून, बॅटरीच्या उजेडात तिचे तोंड पाहत होतो तेवढ्यात तिने मान झटकली आणि लाळेचा शिंतोडा थेट माझ्या डोळ्यांत उडाला. डोळ्यात किंवा तोंडात लाळ जाणे ही तिसऱ्या श्रेणीची बाधा धरतात, म्हणजे रक्त काढणाऱ्या चाव्याइतकीच गंभीर. तिथेच घागरभर पाण्याने डोळे धुतले, त्या दोघांना साबण लावून हात धूत बसवले आणि तिघेही तडक तालुक्याला निघालो. म्हैस दोन दिवसांत मेली. तिच्या मेंदूचा नमुना बर्फात घालून पुण्याला पाठवला आणि त्यात रेबीज असल्याचा अहवाल आला, पण तो येईपर्यंत कोणी थांबायचे नसते.

माझे काम त्या संध्याकाळची एक टोचणी आणि तीन दिवसांनंतरची दुसरी एवढ्यावर भागले. परिचराची मात्र वणवण सुरू झाली. साठ किलोच्या माणसाला घोड्यापासून केलेले सीरम किलोमागे ४० युनिट या हिशेबाने २,४०० युनिट लागते, म्हणजे सुमारे ८ मिलिलिटर. पहिल्या रुग्णालयात लस होती, सीरम नव्हते. दुसऱ्या ठिकाणी सांगण्यात आले की साठा सोमवारी येईल. शेवटी जिल्ह्याच्या गावी एका खासगी दुकानात मानवी सीरम मिळाले. ते किलोमागे २० युनिटच लागते, पण किंमत ऐकून आम्हा सर्वांना खिसे रिकामे करावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी तर ते सगळेच्या सगळे कमरेत देण्याची तयारी केली होती. सीरम जखमेत गेले पाहिजे, विषाणू तिथे आहे, हे मी त्यांना माझ्या पदाचा जितका उपयोग करता येईल तितका करून पटवले आणि मग त्या एकेका चऱ्याच्या कडेने सुई फिरली. बाकड्याची कड धरून बसलेल्या त्या गृहस्थाच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण तोंडातून शब्द निघाला नाही. मालकाच्या मुलाचेही तेच झाले, फक्त त्याला तिथवर आणायला आजीला हातात काठी घ्यावी लागली, "मला कुठे चावली ती?" हे त्याचे पालुपद शेवटपर्यंत चालू होते.

इकडे गावात ज्या घरांना त्या म्हशीच्या दुधाचा रतीब होता ती सगळी घरे आरोग्य केंद्रासमोर इंजेक्शनसाठी रांग लावून उभी होती. उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही, हे मी ध्वनिक्षेपकावरून सांगितले तरी रांग हलली नाही.

हे सगळे दादांच्या कानावर गेले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "म्हणजे तुलाही दोन घ्यावी लागलीच ना?"

आता त्यांची बाजूही मांडतो, नाहीतर हे उत्तर वाचून ते फोन करतील. सबंध देशाला आधीच लस टोचत बसणे शक्य नाही आणि शहाणपणाचेही नाही, असे ते म्हणतात, आणि तिथे ते बरोबर आहेत. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्के वेळा कुत्र्याकडून येतो, त्यामुळे वस्तीतल्या ७० टक्के कुत्र्यांना लस दिली की साखळी तुटते. गोव्यात 'मिशन रेबीज' ही संस्था आणि राज्य सरकार यांनी गल्लोगल्ली जाळी घेऊन हेच काम केले आणि २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून घोषित झाले. महाराष्ट्राने ते करावे असे मलाही वाटते. पण धोरण वेगळे आणि माणूस वेगळा. पशुवैद्यक, परिचर, कुत्री पकडणारे कर्मचारी, प्रयोगशाळेतली मंडळी आणि जिथे सीरम हाताशी नाही अशा ठिकाणी राहायला येणारे पाहुणे यांना धोरण यशस्वी होईपर्यंत थांबा असे सांगता येत नाही. तुमची मुले या शेवटच्या गटात बसतात.

त्यातही ती मुले आहेत. संशयित जनावर चावलेल्यांत सुमारे ४० टक्के १५ वर्षांखालची असतात. मुलांची उंची कमी, त्यामुळे चावा तोंडावर किंवा मानेवर बसण्याची भीती अधिक, आणि तिथून मेंदूचे अंतर थोडे. शिवाय मांजराने ओरखडल्याचे किंवा कुत्र्याचे पिल्लू खेळता खेळता चावल्याचे मूल घरी सांगेलच असे नाही, कारण रागावतील ही भीती असते.

सासऱ्यांच्या हसण्यामागे पोटातल्या चौदा इंजेक्शनांची आठवण असण्याचीही शक्यता आहे. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनत असे. कसौलीला डेव्हिड सेंपल यांनी १९११ च्या सुमारास ती तयार केली आणि भारतात तिचे उत्पादन २००४ च्या अखेरीस बंद झाले. आजची लस पेशींवर वाढवलेल्या विषाणूपासून करतात आणि ती दंडात देतात, लहान मुलांना मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या भागात; कुल्ल्यात कधीच नाही.

वेळापत्रकाबद्दल तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून पूर्वप्रतिबंधासाठी दोनच डोस पुरेसे मानले आहेत, पहिला कोणत्याही दिवशी आणि दुसरा त्यानंतर सात दिवसांनी. अमेरिकेतही २०२२ पासून प्रवाशांसाठी हेच दोन डोस आहेत आणि धोका तीन वर्षांपलीकडे राहणार असेल तर तिसरा घेतात. भारतात अजून तीन डोसांची पद्धत रुळलेली आहे, तेव्हा इथल्या डॉक्टरांनी तिसरा सांगितला तर गोंधळू नका, त्याने नुकसान होत नाही. ही लस अमेरिकेत इथल्या कैक पटींनी महाग असते, म्हणून आल्यावर इथे घेण्याचा मोह होईल. विमा खर्च देत असेल तर तिथेच घेऊन या; नसेल तर शहरात उतरल्याबरोबर पहिला डोस द्या आणि दुसरा होईपर्यंत मुलांना लस न घेतलेलीच समजा.

काही गोष्टी राहिल्या. लस घेतली म्हणून चाव्याकडे दुर्लक्ष चालत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवायची, कारण विषाणूचे आवरण मेदाचे असते आणि साबणाने ते फुटते. तिखट, हळद, चुना काही लावायचे नाही, आणि ते दोन डोस टाळायचे नाहीत. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण तोवर लस थांबवू नये. मुलांपैकी कुणाला प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर मी वर सांगितलेला दोन डोसांचा हिशेब त्याला लागू नाही. त्याच्यासाठी तिथल्या डॉक्टरांकडून लेखी सल्ला आणा.

लसीचे कार्ड मूळ प्रतीसह जवळ ठेवा आणि चावा बसल्यास ते आधी दाखवा. "घेतली असली तरी सीरमही देऊन टाकू, धोका नको" असे म्हणणारे डॉक्टर हटकून भेटतात. पूर्वप्रतिबंधक डोस नीट झालेल्या निरोगी मुलाला सीरम द्यायचे नसते, उलट त्याने लसीचा परिणाम मंदावू शकतो. तिथे नम्रपणे पण स्पष्ट नकार द्या आणि ती कुपी ज्याला खरोखर लागणार आहे अशा पुढच्या रुग्णासाठी राहू द्या.