स्तन लहान करण्याच्या ऑपरेशनमध्ये व्रण किती राहतात? पुढे बाळाला दूध पाजता येतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की वय 27, लग्न व्हायचंय, मान-खांदे सतत भरून येतात आणि कमीत कमी व्रणाची पद्धत हवी आहे. मी सोलापुरातच ब्लाउज शिवते. माझं ऑपरेशन दोन मुलं झाल्यावर झालं. मीही डॉक्टरांना पहिला प्रश्न व्रणाचाच विचारला होता. तुम्ही आधी हे विचारा, की स्तनाग्राला रक्त कुठून मिळत राहणार?

कारण बहुतेक वेळा स्तनाग्र सुटं करत नाहीत. आतल्या मांसाचा एक पट्टा रक्तवाहिन्या आणि नसांसकट राखून त्याच्यावरच ते वर सरकवतात. दुधाच्या नळ्याही त्याच पट्ट्यात असतात. तो शाबूत राहिला तर पुढे दूध येऊ शकतं, पण बाळाला पुरेल अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. छाती फारच मोठी असेल तर कधीकधी स्तनाग्र काढून पुन्हा कलम करावं लागतं, मग पाजता येत नाही. म्हणून मुलं हवी आहेत हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा.

आता व्रण. थोडं कमी करायचं असेल तर स्तनाग्राभोवती गोल आणि खाली एक उभी रेघ. जास्त असेल तर छातीखालच्या घडीत आडवी रेघही येते, उलट्या टी अक्षरासारखी. मी उभ्या रेघेवरच अडून बसले होते. डॉक्टर म्हणाल्या, तुमची जादा कातडी खाली गोळा होईल. लगेच पटलं. टक्स न घालता ब्लाउज आवळला तर चुण्या पडणारच.

तिसऱ्या आठवड्यात डावीकडे दोन रेघा मिळतात तिथे जखम उघडली. तिथे ताण जास्त आणि रक्त कमी, त्यामुळे हा त्रास बऱ्याच जणींना होतो. महिनाभर ड्रेसिंग केलं, भरली. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा झाल्यावर लगेच ऑपरेशन केलं होतं म्हणून बरं, एप्रिलच्या उन्हात घामाने हाल झाले असते.

मिशरी लावत असाल तर आधी आणि नंतर किमान चार-चार आठवडे पूर्ण बंद. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, स्तनाग्र काळं पडून जाऊ शकतं. माझी पंधरा वर्षांची सवय सुटली, ती फार जड गेली.

खांद्यावरचे ब्राच्या पट्ट्यांचे वळ आणि छातीखालचे ओले चट्टे गेले. मानेचं दुखणं थांबलं. पाठ मात्र अजून दुखते, कारण मशीनवर वाकणं सुटलेलं नाही. डाव्या स्तनाग्राला स्पर्श कमी कळतो. व्रण सहा महिने लाल होते, दीड वर्षात फिके झाले. मला ते चालतात.

सहा आठवडे जड उचलायचं नाही. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा घागरी भरायला घरात कोण असेल ते आधी ठरवा. आणि पुढून बटणं असलेले दोन-तीन गाऊन शिवून ठेवा.