आजीची वही आणि चार रकाने

पुणे

चि. मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू येऊन गेलीस, तेव्हापासून तुझ्या वहीतले ते चार रकाने माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, साहित्य. प्रत्येकाखाली पुस्तकांची लांबलचक यादी, आणि शेवटी तुझा प्रश्न, की कॅथलिक धर्माचा अभ्यास करायचा तर यांपैकी कोणत्या विभागाचे दार ठोठवावे. इतिहासाचे सर म्हणतात ही श्रद्धेची बाब आहे, समाजशास्त्राच्या मॅडम प्रश्नावली घेऊन वसईला जा म्हणतात, आणि घरचे विचारतात, ‘सिस्टर व्हायचंय का तुला?’

मला तुझा प्रश्नच मान्य नाही. विषयापासून सुरुवात करू नकोस. एक वस्तू धर, ती सोडू नकोस, आणि तिला कोणकोणत्या विद्या लागतात ते तिलाच सांगू दे.

भीमाशंकरच्या देवळासमोरची मोठी घंटा तू पाहिली असशील. चिमाजी अप्पांनी १७३९ साली पोर्तुगीजांकडून वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चच्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यांतलीच ही एक. इतिहासाचा विद्यार्थी वसईच्या मोहिमेपाशी थांबतो आणि समाधानाने घरी जातो. पण ती ओतली कशी, हे धातूंच्या जाणकाराला विचारावे लागते. चर्चमध्ये टांगण्याआधी घंटेला आशीर्वाद देण्याचा विधी का असतो, हे उपासनाविधी शिकलेल्या फादरना. आणि दर्शनाला आलेला माणूस ती वाजवताना मनात काय आणतो, हे रांगेत उभे राहून त्यालाच. घंटा एकच आहे. ती धरून ठेवलीस तर ही सगळी माणसे तुला भेटतील, आणि रकाने धरून बसलीस तर एकही भेटणार नाही.

हे मी अधिकाराने सांगतो, कारण मी उलटे केले. माझा प्रबंध फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’वर होता. १५७९ मध्ये गोव्याला आलेला हा इंग्रज जेझुइट संघाचा धर्मगुरू येशूची कथा सांगणाऱ्या जवळजवळ अकरा हजार ओव्या मराठीत रचतो आणि १६१६ साली राचोलला रोमन लिपीत छापून घेतो, याचे मला विलक्षण अप्रूप होते, आजही आहे. मी त्यातले शब्द मोजले. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द आला, की चिठ्ठीवर नोंद करायची आणि पुढे जायचे. त्यांनी वैकुंठ घेतले, पण काही शब्द मात्र पोर्तुगीज आणि लॅटिनच का ठेवले, हा धर्मशास्त्राचा प्रश्न माझ्या चिठ्ठ्यांमधून रोज डोके वर काढत होता. नगर रस्त्यावरचे ज्ञानदीप विद्यापीठ माझ्या खोलीपासून सायकलने पाऊण तासावर होते. धर्मशास्त्र शिकवणारी माणसे तिथे होती, आणि मी एकदाही गेलो नाही. मार्गदर्शकांनी ‘विषयाबाहेर जाऊ नका’ असे बजावले होते. घरी धाकटी भावंडे होती, नोकरीसाठी पदवी वेळेत हवी होती. यात माझे काही चुकले असे मी पूर्णपणे म्हणणार नाही, कारण त्या पदवीवरच भावंडांची शिक्षणे झाली. पण पुस्तक माझ्या हातात होते आणि मी ते रकान्यासाठी सोडले, हे मला अजून सलते.

आपण स्वतः कॅथलिक आहोत, तर तटस्थ कसे राहायचे, या तुझ्या काळजीवर मी फार वेळ घालवणार नाही. वारकऱ्याच्या घरातल्या मुलाने तुकोबांवर संशोधन केले तर त्याला हे कुणी विचारत नाही. जे दिसले ते लिही, जे वाटले ते वेगळे लिही.

आता खरे बोलतो. तू दोन तास त्या याद्यांवर बोललीस, आणि चपला घालता घालता फोनवर आजीच्या वहीचा फोटो दाखवलास. पिवळ्या पडलेल्या पानावर बोरूसारख्या जाड, उभ्या देवनागरीत ‘पातेर नोस्तेर, क्वी एस इन चेलिस’ ही लॅटिन प्रार्थना, आणि खाली समासात, बहुधा नंतर, वेगळ्या शाईने तिचीच मराठी, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’. अगं, कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, लॅटिनऐवजी लोकभाषेत म्हणण्याची वाट मोकळी झाली. ती सबंध घडामोड तुझ्या आजीच्या समासात दोन शायांमध्ये उतरली आहे! लॅटिनचे उच्चार तिला कुणी शिकवले, अर्थ ठाऊक होता की नाद पुरेसा होता, मराठी आल्यावर तिला बरे वाटले की काही हरवल्यासारखे झाले, वाडीतल्या किती बायकांकडे अशा वह्या होत्या, आणि घरात ती वसईकडची सामवेदी बोली बोलत असताना प्रार्थनेची मराठी तिला आपली वाटली का? यांतला कोणता प्रश्न कोणत्या विभागाचा, ते नंतर ठरव. प्रवेशाच्या अर्जावर एकच विभाग लिहावा लागतो, तो लिही. पण वही सोडू नकोस.

आजी चौऱ्याऐंशीच्या आहेत, असे तू म्हणालीस. परीक्षेनंतर जाईन म्हणू नकोस, येत्या शनिवारीच जा. आधी वही त्यांच्या हातात दे आणि त्यांना वाचू दे. त्या थांबतील तिथे तूही थांब आणि लगेच प्रश्न विचारू नकोस. वहीच्या फाटलेल्या कडांना चिकटपट्टी लावू नकोस, सुती फडक्यात गुंडाळून ठेव. आजींनी परवानगी दिली तरच ती पुण्याला आण, नाहीतर मी वसईला येतो.

तुझा,
सर