गुणोत्तराच्या खालची ओळ

प्रिय डॉक्टर,

ही हाक ऐकून तू अजून मागे वळून बघतेस, मला माहीत आहे. होईल सवय.

तू पाठवलेला स्पायरोमेट्रीचा, म्हणजे फुंकून फुप्फुसं मोजायच्या चाचणीचा, रिपोर्ट पाहिला. गृहस्थ बावन्न वर्षांचे, कधी सिगारेट न ओढलेले. एफईव्ही-१ (पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा) अपेक्षेच्या ६६ टक्के, एफव्हीसी (अख्ख्या फुंकेतली हवा) ६८ टक्के, दोन्हींचं गुणोत्तर ०.७७. खाली तू लिहिलंस, ‘अडथळा नाही’. बरोबरच आहे. गुणोत्तर ०.७० च्या वर आहे म्हटल्यावर तू दुसरं काय लिहिणार? पण दोन्ही आकडे इतके कमी असताना हृदयाचा विचार न करता तिथेच केसपेपर मिटलास, हे मला खटकलं.

खटकलं, कारण मीही नेमकं तेच केलं होतं. धाप लागते म्हणून एक बाई आल्या होत्या. आकडे जवळजवळ असेच. “फुप्फुसं ठीक आहेत, वजन तेवढं कमी करा,” असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. रक्तदाबही पाहिला नाही. ते आपलं खातं नव्हे, असा तेव्हा माझा तोरा होता. आठ महिन्यांनी सीसीयूत, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात, एका पेशंटची छाती तपासायला मला बोलावलं होतं, तर शेजारच्या खाटेवरून आवाज आला, “डॉक्टर, तुमच्याकडे फुंकलं होतं ना मी?” त्यांना हार्ट अटॅक येऊन गेला होता.

एका पेशंटवरून काही सिद्ध होत नाही, हे तुला मीच शिकवलंय. पण त्या रात्री मी वाचायला बसलो, आणि लाज वाटली ती याची की कमी श्वासाचा आयुष्याशी आणि हृदयाशी संबंध ही गोष्ट फारच जुनी निघाली. जॉन हचिन्सन या इंग्लिश डॉक्टरने १८४६ मध्ये दोन हजारांवर माणसांना फुंकायला लावून त्यांची श्वासधारणा (पूर्ण श्वास घेऊन जितकी हवा बाहेर सोडता येते ती) मोजली, आणि या मापावरून माणसाचं आयुर्मान ताडता येईल, म्हणून विमा उतरवतानाही ते घ्यावं असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावचा अभ्यास १९४८ पासून हृदयविकारासाठीच चाललेला. १९८३ मध्ये त्यांनीही लिहिलं की श्वासधारणा कमी असेल तर हृदयविकाराचा धोका जास्त. पुढे स्कॉटलंडमधल्या रेनफ्र्यू आणि पेझली या गावांतल्या पंधरा हजारांवर स्त्री-पुरुषांचा अभ्यास १९९६ मध्ये छापून आला. एफईव्ही-१ जितका कमी, तितके हृदयविकाराने मृत्यू जास्त. ‘हा सगळा सिगारेटचा प्रताप असेल’ ही तुझी शंका मला इथे बसून ऐकू येतेय. कधीच धूम्रपान न केलेल्यांमध्येही हा संबंध दिसला होता.

असं का होतं, याचं एकच उत्तर नाही. फुप्फुसातला धुमसता दाह रक्तात उतरतो आणि धमन्यांच्या भिंतींना त्रास देतो. एम्फिसिमात (फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या फाटण्याच्या आजारात) हवा आत अडकून छाती फुगते आणि डाव्या जवनिकेला, म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याला, भरायला पुरेसं रक्त मिळत नाही. आणि काहींची फुप्फुसं मुळात कधी पूर्ण वाढलेलीच नसतात. फुप्फुसांची क्षमता विशी-पंचविशीत शिखरावर जाते. जन्मतः वजन कमी, लहानपणी वारंवार छातीचे आजार, घरात धूर, अशांमुळे ते शिखरच बुटकं राहतं. २०१५ मध्ये एका अभ्यासात सीओपीडीच्या (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याच्या आजाराच्या) सुमारे निम्म्या रुग्णांच्या क्षमतेची घसरण नेहमीच्याच वेगाने झालेली आढळली. त्यांची सुरुवातच खालून झाली होती. त्यामुळे पन्नाशीतला कमी आकडा पुष्कळदा बालपणाबद्दलही बोलत असतो. जन्मतः वजन किती होतं, हे मी हल्ली पन्नाशीच्या माणसांनाही विचारतो. ते हसतात. विचारतो तरी.

बाण उलटाही फिरतो, हे मात्र विसरू नकोस. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी साचलं की एफव्हीसी घसरतो. तुझ्या गृहस्थांच्या पायांना सूज आहे का, मानेच्या शिरा फुगल्यात का, रात्री उशा किती लागतात, यातलं केसपेपरवर काहीच नाही.

आणि मुळात, फुंक नीट होती का? तंत्रज्ञाच्या शेजारी एकदा उभी राहा. नाकाला चिमटा, ओठ नळीभोवती घट्ट, पूर्ण श्वास आत, आणि मग “फुंका! अजून, अजून, सोडू नका!” बिचारा पेशंट लालबुंद होतो. आलेखात सुरुवातीला उसळी हवी, शेवटी रेघ सपाट व्हायला हवी. तीन चांगल्या फुंका, आणि त्यातल्या सर्वांत चांगल्या दोघींत दीडशे मिलिलिटरपेक्षा जास्त फरक नको. अर्धवट फुंकेवरून कुणाला हृदयरोगाची भीती घातलीस तर मी रागावेन. ताजा हार्ट अटॅक असेल तर ही चाचणी किमान आठवडाभर पुढे ढकल.

आकडा कमी दिसला म्हणून इनहेलरने हृदय वाचेल, असंही समजू नकोस. मध्यम सीओपीडी आणि जोडीला हृदयाचा आजार किंवा धोका असलेल्या सोळा हजारांवर रुग्णांवर ते करून पाहिलं. २०१६ मध्ये निकाल आला, मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. इनहेलर धापेसाठी द्यायचा. हृदयासाठी जुनीच कामं करायची: धूम्रपान बंद, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल. सीओपीडी आहे म्हणून हार्ट अटॅकनंतरचा बीटा-ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारं औषध) अडवू नकोस. हृदयावर काम करणारा निवडक प्रकार बहुतेकांना झेपतो. हृदयाचं कारण नसताना मात्र तो देऊ नकोस, ते करून पाहिलंय आणि फायदा झाला नाही. आणि सीओपीडी उसळल्यावर काही आठवडे हार्ट अटॅकचा धोका वाढलेला असतो. अशा पेशंटची छाती दुखली तर ‘खोकून दुखत असेल’ म्हणण्याआधी ईसीजी काढ.

त्या गृहस्थांना परत बोलाव. रक्तदाब स्वतः घे, चाचणी पुन्हा करून घे, गरज वाटली तर इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, सांग. गुरुवारी ओपीडी संपल्यावर ये, आणि येताना आलेखाचा कागद आण. नुसते आकडे नकोत.

— सर