वाचक विचारतात: नाणी खराब होतात ती कपाटातच

प्रश्न: वडिलांनी आयुष्यभर जमवलेली दोनेकशे नाणी आता माझ्याकडे आलीत. बरीचशी चांदीची, थोडी तांब्याची, दोन सोन्याची. सगळी प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या अल्बममध्ये आहेत आणि अल्बम लाकडी कपाटात कपड्यांखाली. परवा उघडून बघितलं तर काही नाण्यांवर हिरवट चिकट थर, चांदीची काही काळी पडलेली. धुवून पुसून चकाचक करून सरळ बँकेच्या लॉकरमध्ये टाकावीत म्हणतोय, चालेल ना?

उत्तर: आधी हातातलं फडकं खाली ठेवा बघू. लॉकरचं नंतर बोलू, कारण तुमच्या नाण्यांना सध्या चोरापेक्षा त्या अल्बमचीच जास्त भीती आहे.

तो हिरवा चिकट थर म्हणजे बहुतेक पीव्हीसीचा प्रताप. मऊ, लवचिक पारदर्शक पाकिटं बऱ्याचदा पीव्हीसीची असतात, ती मऊ राहावीत म्हणून त्यात तेलासारखी रसायनं घालतात, ती वर्षानुवर्षं बाहेर झिरपत राहतात आणि प्लॅस्टिक जुनं होताना आम्लही सोडतं, आणि हे सगळं बसतं ते थेट नाण्यावर. नाक जवळ न्या, नव्या रेनकोटसारखा उग्र वास आला तर संशय पक्का. खात्री करायची तर तांब्याची तार पकडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवा, ज्योतीला रंग उरला नाही की ती गरम तार रिकाम्या पाकिटाच्या तुकड्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली म्हणजे क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. धूर वाईट असतो, त्यामुळे हे बाहेर मोकळ्यावर करा, आणि नाणी जवळपास नकोत.

पीव्हीसी निघालं तर नाणी आजच बाहेर काढा. चिकटपणा घालवायला शुद्ध अ‍ॅसिटोन चालतं, त्यात नाणं थोडा वेळ बुडवून ठेवायचं, मग दुसऱ्या स्वच्छ अ‍ॅसिटोनमधून काढायचं आणि आपोआप वाळू द्यायचं, चोळायचं अजिबात नाही. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेतं म्हणून खिडकी उघडी आणि गॅस बंद. सगळ्यात किमती नाण्यावर प्रयोग नको, आधी साध्या नाण्यावर हात बसवा. थर खाली धातूत उतरलेला असेल तर गेलेलं परत येत नाही, पण पुढचं नुकसान थांबतं.

आता काळी चांदी. हवेतल्या गंधकाशी चांदीची गट्टी जमली की सिल्व्हर सल्फाइड तयार होतं, आणि लक्षात घ्या, तो काळेपणा वरून बसलेला मळ नाही, ती त्या नाण्याचीच चांदी आहे. पॉलिश लावून घासलं की काळ्यासोबत तेवढी चांदीही जाते, आणि सोबत उठावातल्या बारीक रेषा, केसांच्या बटा, अक्षरांच्या कडा. माझ्याकडे एक असं घासलेलं नाणं आहे, लांबून आरशासारखं चमकतं, भिंगाखाली बघितलं की घासणीनं घासलेल्या ताटासारखे गोल गोल ओरखडे. जाणकार ते एका नजरेत ओळखतात आणि भाव पाडतात. त्यामुळे काळं ते काळंच राहू द्या, एकसारखा पसरलेला काळेपणा कित्येक कलेक्टरना आवडतोही.

गंधक येतं कुठून? रबर बँड, लोकर, साधा कागद, पुठ्ठा, काही रंग, गोंद. मी स्वतः एकदा चांदीच्या नाण्यांची चवड रबर बँड लावून ठेवून दिली होती, दोन वर्षांनी उघडली तर प्रत्येक नाण्याच्या कडेवर जिथे रबर टेकलं होतं बरोबर तिथे काळी पट्टी, जणू कोणी मार्करनं ओढलीय. तुमच्या कपाटातले लोकरीचे कपडे आणि डांबराच्या गोळ्या, दोन्हीपासून लांब ठेवा, त्या गोळ्यांच्या वाफेनं काही प्लॅस्टिक मऊ पडून चिकटतात. लाकूडही वाटतं तितकं गरीब नाही, ओक आणि प्लायवूड-एमडीएफमधून आम्लाची वाफ निघत राहते, शिशाच्या नाण्यांना तर ती फार लागते. पावडर कोटिंगची लोखंडी पेटी किंवा ड्रॉवर बरा.

मग ठेवायचं कशात? मौल्यवान नाण्यांना प्रत्येकी घट्ट बसणारी कडक अ‍ॅक्रिलिकची किंवा पॉलिस्टायरीनची कॅप्सूल, बाकीच्यांना मायलार म्हणजे पॉलिएस्टरची पाकिटं, अल्बमच हवा तर पॉलिप्रॉपिलीनच्या पानांचा. मायलार जरा कडक असतं, नाणं आत सरकवताना ओरखडा येऊ शकतो, म्हणून सावकाश. पुठ्ठ्याचे खिडकीवाले होल्डर स्वस्त आणि सोयीचे, पण पुठ्ठ्यातल्या गंधकामुळे चांदीला नकोत, आणि स्टेपलरची पिन पक्कडीनं सपाट दाबा, नाहीतर शेजारच्या नाण्याला बोचते. सोनं काळं पडत नाही सहसा, पण मऊ आहे, त्याला आधी कॅप्सूल.

आणि नाणं नेहमी कडेला धरा, खाली मऊ कापड पसरा, नाण्यावर वाकून गप्पा मारू नका. थुंकीचा सूक्ष्म थेंब पडला तर तिथे पुढे डाग उमटतो, हसू नका, खरं आहे.

लॉकर चालेल, पण हे सगळं झाल्यावर. खोली दमट नाही ना ते बघा, आतल्या वस्तूंचा विमा सहसा बँक उतरवत नाही, तोही विचारून घ्या आणि लागला तर वेगळा काढा.

प्रश्न: तांब्याच्या एका जुन्या नाण्यावर फिकट हिरव्या पावडरीचे ठिपके आलेत, पुसले की आठवड्यात परत येतात.

उत्तर: हा ब्राँझ डिसीज वाटतो. धातूच्या आत क्लोराइड अडकलेलं असतं, दमटपणा मिळाला की ते जागं होतं. गुळगुळीत, घट्ट चिकटलेला हिरवा थर असेल तर तो पॅटिना, म्हणजे काळानं आपोआप चढलेला थर, त्याला हात लावू नका; पावडर होऊन झडतंय तर मात्र ते नाणं आजच वेगळ्या हवाबंद डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत टाका आणि संवर्धनाचं काम करणाऱ्याला दाखवा. आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली राहायला हवी, आर्द्रता मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर डबीत ठेवला की अंदाज बांधत बसावं लागत नाही. केशरी जेल ओलीनं भरून हिरवी झाली की साधारण १२० अंशांवर दोनेक तास तापवा, परत कामाला येते.

प्रश्न: घरी फायरप्रूफ तिजोरी घेतली तर लॉकरची गरज उरेल का?

उत्तर: फायरप्रूफ म्हणजे चोरप्रूफ नव्हे, दोन्हीची रेटिंग वेगळी असतात, दुकानदार हे आपणहून सांगेलच असं नाही. शिवाय या तिजोऱ्यांच्या भिंतीतलं इन्सुलेशन स्वतःत पाणी धरून असतं, आग लागली की त्याची वाफ होते म्हणून आतलं वाचतं, पण एरवी त्यामुळेच आत दमट राहतं. कागद वाचवायच्या रेटिंगमध्ये आतलं तापमान १७७ अंशांच्या आत राहावं असा हिशोब असतो. चांदी वितळायला ९६१ अंश लागतात खरे, पण तुमची प्लॅस्टिकची कॅप्सूल त्याच्या कितीतरी आधी मान टाकेल. म्हणून आत जेल ठेवा, महिन्यातून एकदा बघा, आणि तिजोरी जमिनीला बोल्टनं पक्की करा.

आणि कोणाकोणाला माहीत आहे, हेही मोजा. बर्लिनच्या बोडे म्युझियममधून २०१७ मध्ये १०० किलोचं सोन्याचं नाणं चोरांनी चक्क हातगाडीवर घालून नेलं, आणि शिक्षा झालेल्यांत तिथेच पहाऱ्याला असलेला एक जण होता. घरातल्या एका विश्वासू माणसाला जागा सांगा, बाकीच्यांना फक्त फोटो दाखवा. ते फोटो काढलेच आहेत तर दोन्ही बाजू, वजन आणि व्यास लिहून यादी करा, आणि ती यादी मात्र तिजोरीत ठेवू नका.