ते गुलाबी औषध पोटात जाऊन करतं काय?

प्रश्न : डॉक्टर, मी कर्वेनगरला राहते, वय ५४. रविवारी सकाळी मिसळ झाली की बारा वाजेपर्यंत छातीत जळजळ, करपट ढेकर, आंबट पाणी पार घशाशी येतं. मग मेडिकलमधलं ते गुलाबी पातळ औषध घेते, लगेच बरं वाटतं पण तासाभरात परत तेच. रोज सकाळी थायरॉइडच्या गोळीबरोबरच घेऊन टाकलं तर चालेल का?

उत्तर : ताई, नाही, थायरॉइडच्या गोळीबरोबर अजिबात नको, दोन्हीत निदान ४ तास जाऊ द्या, कारण ह्या औषधातलं अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम ती गोळी आतड्यातच धरून ठेवतात, रक्तात नीट उतरूच देत नाहीत आणि मग रक्ततपासणीत टीएसएच (थायरॉइड कमी पडला की वाढणारा आकडा) वाढलेला येतो, गोळीचा डोस वाढतो आणि खरं कारण कुणाच्या लक्षातच येत नाही. लोहाच्या गोळ्या आणि काही अँटिबायोटिक्सचंही असंच होतं.

आता ते करतं काय. गुलाबी रंग नुसता दिसायला, आतली मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडची पूड पांढरी असते आणि पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तळाशी बसते, म्हणून बाटली जोरात हलवल्याशिवाय घेऊ नका नाहीतर वरचं पाणीच पोटात जाईल. पोटात हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं, पोटाच्या आतल्या चिकट थरामुळे पोटाला ते सोसतं पण अन्ननलिकेला तसा थर नाही, तिथे ते वर आलं की जळजळतं. ही पूड अॅसिडला भेटली की मीठासारखा एक क्षार आणि पाणी होतं, बस. गॅस होत नाही. खायच्या सोड्याने मात्र गॅस होतो, ढेकर येऊन मोकळं वाटतं, पण त्यात सोडियम भरपूर, बीपी असेल तर मी तरी सोडा सांगणार नाही. नुसत्या मॅग्नेशियमने जुलाब होतात, अॅल्युमिनियमने बद्धकोष्ठता होते, म्हणून दोन्ही एकत्र घालतात.

तासाभरात परत का होतं, तर हे औषध आहे तेवढं अॅसिड मारतं, नवीन तयार व्हायचं थांबवत नाही, आणि रिकाम्या पोटातून ते अर्ध्या-एक तासात पुढे निघून जातं. तुम्ही बारापर्यंत थांबता, तोवर पोट रिकामं व्हायला लागलेलं असतं. खाल्ल्यावर तासाभराने घेतलं तर अन्नाबरोबर पोटात थांबतं, साधारण ३ तासांपर्यंत उपयोग होतो. म्हणजे सकाळी उठल्या उठल्या घेतलेलं मिसळीच्या वेळेला उरणारच नाही. आणि मिसळ खाऊन लगेच आडवं होऊ नका, प्लीज.

किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही नको, मॅग्नेशियम शरीरात साठतं. दोन आठवडे रोज लागतंय, वजन उतरतंय, घास अडकतोय किंवा शी काळी होतेय तर तपासणी करूनच घ्या. आणि कधी जळजळीबरोबर दरदरून घाम फुटला, दम लागला, हात नाहीतर जबडा दुखायला लागला तर पित्त समजून बाटली शोधत बसू नका, १०८ ला फोन लावा.