आधी प्रत, मग आवराआवर

फोटो लावायला बसण्याआधी सगळे आहेत तसेच एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. डुप्लिकेट काढण्याच्या भरात मूळ फोटोच उडतात, म्हणून हा क्रम बदलू नका.

फोल्डरची फार वर्गवारी नको. ‘2024-11-03 भाऊबीज नाशिक’ असं नाव द्या, की संगणक आपोआप तारखेच्या क्रमाने लावतो. ‘इतर’ नावाचा फोल्डर मात्र करूच नका, शेवटी सगळं त्यातच जाऊन पडतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे काढल्याची तारीख, ठिकाण वगैरे, निघून जाते. लग्नकार्याचे फोटो नातेवाइकांकडून मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. (गुड मॉर्निंगची फुलं बिनदिक्कत उडवा.)

‘गूगल फोटोजवर आहेत की’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तिथली मोफत 15 जीबी जागा जीमेल आणि ड्राइव्हसकट आहे. शिवाय बॅकअप झालेला फोटो फोनवरच्या त्या अ‍ॅपमधून डिलीट केला, तर तो क्लाउडवरूनही जातो. ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतो, मग कायमचा गेला. तेव्हा प्रती तीन हव्यात: संगणकावर एक, हार्ड डिस्कवर एक आणि एक घराबाहेर. ही तिसरी क्लाउडवर चालेल, किंवा दुसरी डिस्क भावाच्या घरी ठेवा. दिवाळीत गेलात की नवे फोटो तिच्यात भरा आणि जुन्यातले चार-पाच उघडूनही बघा.